विसरलेल्या राजाचें नाणें

इतिहास जेत्यांच्या दप्तरांतून लिहिला जातो, ही गोष्ट आतां शाळकरी मुलांसही ठाऊक झाली आहे. परंतु त्या दप्तराविरुद्ध साक्ष देण्यास जमिनीखालून कोणी उठून उभें राहावें, असे प्रसंग फार विरळा. इंग्लंडांत २०१५ सालीं तसा एक प्रसंग घडला, आणि ती साक्ष दिली रुप्याच्या कांहीं पातळ चकत्यांनीं. चुलीवरच्या भाकऱ्या करपल्या म्हणून गुराख्याच्या बायकोचीं बोलणीं निमूटपणें ऐकून घेणाऱ्या आल्फ्रेड राजाची गोष्ट आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं इंग्रजी क्रमिक पुस्तकांत वाचली असेल. त्यांना ही हकीगत विशेष मनोरंजक वाटेल. आल्फ्रेडच्या थोरवीस तिनें बाध आणलेला नाहीं. त्याच्या बखरकारांच्या निःपक्षपातीपणास मात्र खासच आणला आहे.

नवव्या शतकांत इंग्लंड हें एक राज्य नव्हतें. दक्षिणेस वेसेक्स, मध्यभागीं मर्सिया, पूर्वेस ईस्ट अँग्लिया, उत्तरेस नॉर्थंब्रिया अशीं स्वतंत्र राज्यें तेथें नांदत होतीं. ८६५ सालीं डेन लोकांचें मोठें सैन्य समुद्रमार्गें येऊन या भूमीवर उतरलें आणि पुढील दहा वर्षांत या राज्यांची एकामागून एक वाताहत झाली. ८७४ सालीं मर्सियाचा राजा बर्ग्रेड परागंदा होऊन रोमला गेला व तिकडेच वारला. त्याच्या जागीं चेओलवुल्फ नांवाचा पुरुष आला. ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ ही जी प्रसिद्ध बखर, ती आल्फ्रेडच्याच अमदानींत, म्हणजे या घटनांनंतर वीसएक वर्षांनीं, रचली गेली. आणि तिच्यांत या चेओलवुल्फाची संभावना राजाच्या पदरचा एक मूढ सेवक एवढ्याच शब्दांत केलेली आहे. त्यानें डेन लोकांना ओलीस दिले, त्यांच्याशीं शपथक्रिया केली, आणि ते मागतील तेव्हां राज्य त्यांच्या स्वाधीन करण्याचें वचन दिलें, असें बखर सांगते. पुढें ८७७ सालीं डेनांनीं मर्सियाची वांटणी करून एक तुकडा त्याच्याकडे ठेवला, एवढा उल्लेख करून बखरकार त्याला सोडून देतो. तो कसा मेला, केव्हां मेला, याविषयीं अवाक्षर नाहीं. मर्सियाच्या राजांच्या एका यादींत त्याला पांच वर्षांची कारकीर्द दिली आहे, त्यावरून ८७९ हें वर्ष धरतात, इतकेंच. अकराशें वर्षें इंग्लंडचा इतिहास शिकणाऱ्यांनीं हा मनुष्य शत्रूच्या हातचें बाहुलें होता असें मानलें. मानूं नये तर काय करावें? दुसरा कागदच नव्हता.

आतां २०१५ कडे वळूं. मेटल डिटेक्टर या नांवाचें यंत्र पुष्कळांनीं देवळांच्या अगर विमानतळांच्या दारांशीं पाहिलें असेल. त्याचेंच हातांत धरण्याजोगें रूप घेऊन इंग्लंडांत हजारों हौशी लोक सुटीच्या दिवशीं नांगरलेल्या शेतांतून हिंडत असतात. यंत्राच्या तोंडाशीं तारेचें वेटोळें असतें. त्यांतून सारखी दिशा पालटणारी वीज खेळते. तिच्या चुंबकीय प्रभावानें जमिनींतल्या धातूंत क्षीण प्रवाह उत्पन्न होतो आणि त्याची प्रतिक्रिया वेटोळ्याकडे परत येऊन यंत्र आवाज देतें. ही युक्ति नवी नाहीं. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरांत रुतलेली गोळी हुडकण्यासाठीं टेलिफोनकर्ते बेल यांनीं असेंच यंत्र वापरून पाहिलें होतें. गोळी सांपडली नाहीं आणि अध्यक्षही वांचले नाहींत.

ऑक्सफर्डशर परगण्यांतील वॉट्लिंग्टन गांवाजवळच्या एका शेतांत अशाच एका हौशी गृहस्थास ऑक्टोबर महिन्यांत नाण्यांचा व रुप्याच्या कांबींचा संचय लागला. त्यानें जें केलें तें आमच्या मतें शोधापेक्षांही मोलाचें आहे: त्यानें पुढें उकरणें थांबविलें आणि अशा शोधांची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्यास कळविलें. सर्व संचय मातीच्या ढेपेसकट उचलून लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें नेण्यांत आला, आणि तेथें जाणत्या हातांनीं एकेक वस्तु मोकळी केली. १८६ नाणीं, १५ कांबी, दागिन्यांचे सात नग आणि सोन्याचा एक लहानसा तुकडा, असा तो ऐवज निघाला. ८८० च्या आगेंमागें, डेन सैन्य पश्चिमेकडून ईस्ट अँग्लियाकडे हललें त्या सुमारास, तो कोणी तरी पुरला असावा असा तज्ज्ञांचा कयास आहे.

या नाण्यांपैकीं तेरा नाणीं ज्या जातीचीं होतीं, तिचे पूर्वीं दोनच नमुने जगाला माहीत होते: एक आल्फ्रेडच्या नांवाचा व एक चेओलवुल्फाच्या नांवाचा. एका बाजूस राजाचें मुख व नांव. दुसऱ्या बाजूस दोन पुरुष शेजारीं शेजारीं बसलेले, आणि त्यांच्या मागें पंख पसरलेली विजयदेवता. हें चित्र चवथ्या शतकांतील रोमन सुवर्णनाण्यावरून उचललेलें आहे. त्या काळीं रोमचें साम्राज्य दोन सम्राट मिळून चालवीत असत. म्हणून या नाण्यांस ‘दोन सम्राटांचीं नाणीं’ असें नांव पडलें. पूर्वींचे दोन नमुने पाहून विद्वान म्हणत, टांकसाळीच्या कारागिराची ही लहर असेल. एक नाणें लहरीनें पडतें. तेरा पडत नाहींत. तेंच चित्र, तीच घडण, आणि त्यांच्या जोडीस आणखी एका नव्या छापाचीं दोघांच्याही नांवांचीं समान नाणीं! दोन शेजारी राजे एकाच छापाचीं नाणीं पाडतात याचा अर्थ उभयतांचा चलनाविषयीं कांहीं करार होता, आणि ज्याच्याशीं वेसेक्सचा राजा करार करतो तो मूढ सेवक नव्हे, राजाच.

येथें उत्साहाच्या भरांत फार पुढें जाऊं नये, असें आम्हांस वाटतें. त्या रोमन चित्राचा अर्थ नाणें पाडणाऱ्यांनीं आपल्याइतकाच बारकाईनें लावला होता कीं नाहीं, कोण सांगणार? शिवाय डेनांशीं शपथक्रिया तर आल्फ्रेडनेंही केली होती. पण एवढें खरें कीं, ८८३ पर्यंत मर्सियाचा कारभार आल्फ्रेडचें वर्चस्व मानणाऱ्या एथेलरेडकडे आलेला दिसतो, आणि ८८६ त आल्फ्रेडनें लंडन वसविल्याचें बखर मोठ्या डौलानें नोंदते. मर्सियावर हक्क सांगणाऱ्या दरबारास तेथला मागला राजा बरोबरीचा होता हें आठवणें सोयीचें नव्हतें.

हें वाचतांना मराठी माणसाचें लक्ष गोदातीराकडे गेल्यावांचून राहणार नाहीं. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगलटेंभी येथें क्षहरात राजा नहपान याच्या रुप्याच्या नाण्यांचा प्रचंड सांठा सांपडला. तेरा हजारांहून अधिक नाणीं. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हा मारलेला. कित्येकांवर नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. गौतमीपुत्रानें क्षहरातांचा निर्वंश केला हें नाशिकच्या लेण्यांत त्याची माता गौतमी बलश्री हिच्या लेखांत कोरलेलेंच होतें. मातेनें पुत्राची स्तुति करावी यांत नवल काय, असें कोणी संशयी म्हणाला असता. नाण्यांनीं त्याचें तोंड बंद केलें. आमच्याकडे नाण्यानें लेखाची री ओढली, तिकडे नाण्यानें बखरीस खोटें पाडलें. दोन्हीकडे साक्षीदार एकच, रुपें. आणि तें कोणाच्याच पदरचें नव्हे.

मात्र हा साक्षीदार नाहींसा करणें फार सोपें आहे. वॉट्लिंग्टनच्या शोधापूर्वीं चारच महिने, हेरफर्डशरमध्यें लेमिन्स्टर गांवाजवळ, दुसऱ्या दोघां शोधकांस त्याच काळचा एक संचय सांपडला होता. त्यांतही दोन सम्राटांचीं नाणीं होतीं. त्यांनीं कोणास सांगितलें नाहीं; नाणीं परस्पर विकलीं. २०१९ सालीं त्यांस शिक्षा झाली, पण अदमासें तीनशें नाण्यांपैकीं खटल्याच्या वेळीं हातीं आलीं तीं अवघीं ३१. कोणतें नाणें कोणाशेजारीं होतें, याचा पुरावा तर कायमचाच बुडाला.

एकानें कळविलें, दुसऱ्यांनीं लपविलें, याचें कारण केवळ स्वभावांत शोधूं नये, कायद्याकडेही पाहावें. इंग्लंडच्या १९९६ च्या कायद्याप्रमाणें असा शोध चौदा दिवसांत कळवावा लागतो. पण त्याची किंमत बाजारभावानें ठरते आणि ती शोधक व जमीनमालक यांस मिळते. वॉट्लिंग्टनचा संचय ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयानें २०१७ सालीं साडेतेरा लक्ष पौंडांस घेतला, तो वर्गणी व देणग्या जमवून. आपल्याकडे चालतो तो १८७८ चा कायदा. दहा रुपयांहून अधिक किंमतीचें निधान सांपडल्यास कलेक्टरास कळविणें तोही सांगतो. पण सरकारनें तें घ्यावयाचें ठरविल्यास मोबदला मिळतो धातूच्या किंमतीइतका व वर तिचा पांचवा हिस्सा. म्हणजे सातवाहनाचा ठसा आणि बाजारांतलें कोरें रुपें या कायद्याच्या तराजूंत जवळजवळ सारखींच! विहीर खणतांना गाडगें लागलेल्या कुणब्यानें कचेरीचे खेटे घालावे कीं रात्रींत सोनार गांठावा? मुशींत गेलेल्या नाण्यांची मोजदाद कोठेंच होत नाहीं, आणि त्यांच्याबरोबर आमचे किती चेओलवुल्फ वितळून गेले असतील, हें त्या सोनारासही ठाऊक नसतें.