पक्ष त्यांचा, मत आपलं
पक्षांतराचं उदाहरण शोधायला अड्याळहून लांब जायला नको. २०१४ साली आपण भंडारा-गोंदियातून नाना पटोलेंना भाजपचे खासदार म्हणून निवडून दिलं. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, मग ते काँग्रेसमध्ये गेले. मे २०१८ च्या उन्हात आपण पुन्हा रांगेत उभे राहिलो. राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे निवडून आले. खर्च झाला, त्रासही झाला. पण कौल आपण दिला.

२०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा फुटलेल्या आमदारांच्या जागांवर पोटनिवडणूक झालीच नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांच्या हाती दिलाय आणि तो जानेवारी २०२४ मध्ये आला. मतदाराला कुणी विचारलंच नाही.

म्हणून आपलं म्हणणं एवढंच: पक्ष खुशाल बदलावा, पण आधी राजीनामा द्यावा आणि परत मत मागायला यावं.