गारगोटीची पदविका

कोल्हापुराच्या दक्षिणेस गारगोटी हें भुदरगड तालुक्याचें ठिकाण आहे. पाटगांवच्या मौनी महाराजांचें नांव देऊन जे. पी. नाईक यांनीं तेथें मौनी विद्यापीठ उभें केलें. नाईक हे मूळचे आजऱ्याकडील बहिरेवाडीचे. पुढें कोठारी शिक्षण आयोगाचे सचिव म्हणून ते देशभर प्रसिद्धीस आले. परंतु त्यांच्या विचारांची खरी कसोटी गारगोटीसच लागली.

लोकसेवेस निघणाऱ्या तरुणानें आधीं माणूस अभ्यासावा, ही कल्पना अगदींच नवी नव्हती. १९३६ सालीं मुंबईंत टाटांच्या निधींतून समाजकार्याचें शिक्षण सुरू झालें होतें. पण तें शहरांतलें. माणूस जेथें राबतो, आजारी पडतो, कर्ज काढतो, त्या खेड्यांतच त्याचा अभ्यास कां होऊं नये? १९४९ मध्यें राधाकृष्णन आयोगानें ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली आणि १९५६ सालीं केंद्र सरकारनें ज्या मोजक्या ग्रामीण उच्चशिक्षण संस्था काढल्या, त्यांत गारगोटी होती. तेथें तीन वर्षांच्या अभ्यासानंतर ग्रामसेवेची पदविका मिळे.

अडचण आली ती या पदविकेचीच. सरकारनें नोकरीपुरती ती पदवीसमान मानली, तरी लोकांच्या तोंडीं बी. ए. हेंच अक्षर बसलेलें! पोटाला चिमटा घेऊन मुलास शिकविणाऱ्या शेतकऱ्यास त्याबद्दल दोष देणें अन्यायाचें होईल. देशांतील बहुतेक ग्रामीण संस्था हळूहळू पदवीच्या वाटेस लागल्या. १९६२ सालीं कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ झालें. गारगोटीचें महाविद्यालय आज त्याच्याशींच संलग्न आहे.