तळटीप १७ : ‘ब्रिस्टलच्या म्यूलरसाहेबांप्रमाणे’

१७. जॉर्ज म्यूलर (१८०५–१८९८) : जन्माने प्रशियन. इंग्लंडात ब्रिस्टल येथे १८३६ साली त्यांनी अनाथाश्रम काढला; पुढे ॲशली डाउनच्या पाच इमारतींत २,००० मुलांची सोय झाली. आश्रमाची नड माणसांना सांगायची नाही, प्रार्थनेत देवापुढेच मांडायची, कर्ज काढायचे नाही, हा त्यांचा दंडक. आलेल्या दानाचा हिशेब मात्र पैन्‌पै छापत. निव्वळ भाबडेपणा म्हणून ही श्रद्धा झटकता येत नाही ती यामुळेच. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) त्यांची हकिगत वाचली होती. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनची दहा वर्षांच्या मदतीची मुदत १८९८ च्या सुमारास संपत आली, तेव्हा दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली त्यांच्या पदरी होत्या. येथील उल्लेख त्या काळातला.