मिठाची परीक्षा, सन १८३५

होमिओपॅथीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "आमच्या आत्याला गुण आला की!" आणि "साखरेच्या गोळ्या हो नुसत्या!" वाद रंगतो, पण मोजत कुणीच नाही.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये मात्र लोकांनी मोजलं होतं, तेही १८३५ साली. फॉन होवेन या नामांकित डॉक्टरने होमिओपॅथीवर टीका केली. रॉयटर या होमिओपॅथने आव्हान दिलं: आमच्या पद्धतीने विरळ केलेलं साधं मीठ घेऊन बघा, परिणाम जाणवेल. एकास शंभर या प्रमाणात, तब्बल तीस वेळा विरळ केलेलं मीठ! हिशेब केला तर त्यात मिठाचा कणही उरत नाही.

परीक्षेची जबाबदारी घेतली गेऑर्ग ल्योनर यांनी. ते वृत्तपत्राचे संपादक, म्हणजे आमच्याच धंद्यातले! एका खानावळीत शंभरावर नागरिकांसमोर १०० बाटल्या सरमिसळ करून त्यांना नंबर दिले. ५० मध्ये ते मिठाचं औषध, ५० मध्ये नुसतं बर्फाचं शुद्ध पाणी. कुठल्या नंबरात काय, ती यादी सीलबंद. घेणाऱ्यालाही माहीत नाही, नोंद करणाऱ्यालाही नाही.

तीन आठवड्यांनी ५० जणांचे अहवाल आले. ४२ जणांना काहीच जाणवलं नव्हतं. उरलेल्या ८ पैकी ५ जणांनी औषध घेतलं होतं आणि ३ जणांनी नुसतं पाणी!

प्रयोग लहान होता, शिवाय त्यात आजारी माणसं नव्हती. मान्य. पण रीत बरोबर होती. आज जगभर औषधं याच रीतीने तपासतात. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने १७६ अभ्यास आणि ६१ आजार तपासले. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारात सापडला नाही. होमिओपॅथांच्या संघटनांनी त्या अहवालावर आक्षेप घेतले, हेही नोंदवतो.

आत्याचा गुण खोटा नाही. पण सर्दी-पडसं, अंगदुखी आपसूकही कमी होते. डॉक्टरने अर्धा तास आपुलकीने ऐकलं तरी बरं वाटतं. औषधामुळे किती, हे एकट्या आत्यावरून कळत नाही.

आपल्याकडे भांडण वेगळंच. २०१४ च्या कायदादुरुस्तीने होमिओपॅथी डॉक्टरांना एक वर्षाचा कोर्स करून ॲलोपॅथीची औषधं लिहिण्याची वाट मोकळी केली. तेव्हापासून कुणी काय लिहायचं यावर मोर्चे, निवेदनं, कोर्टकज्जे. औषध लागू पडतं का, हा पेशंटचा प्रश्न मात्र कुणाच्याच निवेदनात नाही.

न्यूरेंबर्गच्या लोकांनी तो खानावळीत बसून विचारला होता. आपण कधी विचारणार?