बॉबी, बाबूजी आणि मतपेटी

धर्मग्रामांच्या सभांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. लोक संध्याकाळभर मालिकांपुढे बसून असतात. ग्रामसभेला जायला, मतदार यादीत आपले नाव पाहायला, मतदानाला उतरायला मात्र त्यांना सवड नसते. तक्रार करणारा थोडाफार वाचलेला असला, तर तो प्राचीन रोमचा दाखला देतो. सम्राटांनी जनतेला फुकट धान्य दिले, खेळ दाखवले आणि जनता राजकारण विसरली. आजचा दूरचित्रवाणी संच म्हणजे घरात येऊन बसलेला रोमन आखाडाच, असा त्याचा निष्कर्ष. हा दाखला आपण इतक्या वेळा ऐकला आहे की तो तपासावा असे कोणाला वाटत नाही. तपासला, तर घटनांचा क्रम उलटा निघतो.

रोमच्या यात्रेला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी पँथिऑन पाहिले असेल. इ. स. ६०९ पासून ते पवित्र मरिया व हुतात्मे यांना अर्पण केलेले चर्च आहे. त्याला लागूनच एका प्राचीन भिंतीचा तुकडा उभा आहे. यात्रेकरूंची नजर सहसा तिच्याकडे वळत नाही. रोमन नागरिकांनी रांगेने येऊन मतदान करावे म्हणून बांधलेल्या एका विस्तीर्ण आवाराचा तो अवशेष. ज्युलियस सीझरने योजलेले हे आवार अग्रिप्पाने इ. स. पूर्व २६ मध्ये पुरे केले. परंतु तोवर सारी सत्ता ऑगस्टसच्या हाती एकवटली होती. पुढे इ. स. १४ मध्ये तिबेरियसने अधिकारी निवडण्याचे काम जनतेकडून काढून सिनेटकडे सोपवले. लोकांनी थोडीशी कुरकुर केली, यापलीकडे काही घडले नाही, असे इतिहासकार टॅसिटस नोंदवतो. मतदानासाठी बांधलेल्या त्या आवारात तलवारबाजांच्या झुंजी लावल्या गेल्या आणि पहिले शतक सरता सरता तिथे उंची वस्तूंची दुकाने थाटली गेली.

धान्य आणि खेळ यांची सर्वांच्या तोंडी असलेली जोडी उपहासकवी जुवेनलने सांगितली, ती यानंतर सुमारे शंभर वर्षांनी. त्याच ठिकाणी तो हेही सांगतो की विकायलासुद्धा मत हाती उरले नाही, तेव्हापासून लोकांनी सार्वजनिक कामाची काळजी टाकून दिली. आपले वक्ते हा भाग नेमका गाळतात. मत आधी गेले. रिकाम्या झालेल्या जागी खेळ आला.

खेळ आणि मत यांची अशीच एक समोरासमोरची गाठ आपल्या देशातही पडली होती. ती १९७७ साली, दिल्लीत.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. विरोधी नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर नियंत्रण आले आणि १९७६ साली व्हावयाची लोकसभेची निवडणूक मुदत वाढवून पुढे ढकलण्यात आली. गाड्या वेळेवर धावतात म्हणून कौतुक करणारे त्या काळी थोडे नव्हते, आपल्यातही नव्हते. मग नसबंदीची मोहीम आली. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या कितीतरी सक्तीने झाल्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयकच १९७६ साली संमत केले. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही, म्हणून ते अमलात आले नाही. कुटुंबाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण मानणाऱ्या घरांनी हे आठवणीत ठेवायला हवे होते. नव्या पिढीला त्याची वार्ताही नाही.

१८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुकीची घोषणा झाली. २ फेब्रुवारीला जगजीवनराम यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हे साधे बंड नव्हते. आणीबाणीला मान्यता देणारा ठराव लोकसभेत मांडणारे तेच होते. रविवार, ६ फेब्रुवारी रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर त्यांची आणि जयप्रकाश नारायण यांची सभा ठरली. सरकारने ती उधळली नाही. त्याने दूरदर्शनवर ‘बॉबी’ लावला.

आजच्या वाचकाला या डावाचे वजन कळणे कठीण आहे. तेव्हा वाहिनी एकच, चित्र कृष्णधवल, प्रक्षेपण काही तासांचे. ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी सारी आळी जमायची आणि रविवारचा हिंदी चित्रपट म्हणजे आठवड्याचा सण असायचा. त्यात १९७३ साली आलेला राज कपूर यांचा ‘बॉबी’ म्हणजे त्या दशकातला तुफान चाललेला चित्रपट. त्याची नायिका कोण, तर गोव्याच्या एका ख्रिस्ती कोळ्याची मुलगी, बॉबी ब्रगांझा. प्रेमनाथ यांनी रंगवलेला तिचा बाप हातात बाटली घेऊन नाचणारा, दिलदार आणि अडाणी. आजी झालेल्या आपल्या दुर्गाबाई खोटे. हिंदी चित्रपटाला ख्रिस्ती माणूस म्हटला की बाटली सुचते, हे दुखणे जुने आहे; त्यावर वेगळा लेख लिहिता येईल. तूर्त एवढेच पाहावे, की राज्यकर्त्यांना लोक घरी बसवायचे होते आणि त्यासाठी त्यांनी ब्रगांझाच्या मुलीला कामाला लावले.

लोक घरी बसले नाहीत. रामलीला मैदान लाखोंच्या गर्दीने भरून गेले. जगजीवनराम यांना सारे ‘बाबूजी’ म्हणत. बाबूंनी बॉबीला हरवले, अशा आशयाचा मथळा दुसऱ्या दिवशी छापून आला.

त्याच दिवशी त्याच शहरात तिहारच्या तुरुंगात दुसरा एक ख्रिस्ती होता. मंगळूरच्या कॅथॉलिक घरात १९३० साली जन्मलेले जॉर्ज फर्नांडिस धर्मगुरू व्हावेत म्हणून घरच्यांनी त्यांना बंगळूरच्या सेमिनरीत धाडले होते. ते तिथून बाहेर पडले, मुंबईत येऊन कामगारांचे पुढारी झाले आणि १९६७ साली त्यांनी स. का. पाटलांसारख्या मातब्बराला दक्षिण मुंबईत पाडले. बडोदा डायनामाइट खटल्यात जून १९७६ पासून ते कैदेत होते. त्यांचे सर्वच मार्ग आपल्याला मान्य व्हावेत असे नाही. सुरुंगाचा मार्ग तर मुळीच नाही. पण मुझफ्फरपूरच्या मतदारांनी या कैद्याला, तो प्रचाराला येऊ शकत नसताना, तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून दिले. पडद्यावरचा ख्रिस्ती आणि तुरुंगातला ख्रिस्ती यांच्यात मतदाराने केलेली ही निवड होती, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

महाराष्ट्रातही सभांना अशीच गर्दी लोटली. पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या व्यासपीठांवरून बोलू लागले. दिल्लीत दूरदर्शन बाल्यावस्थेत होते, तेव्हा त्यासाठी कार्यक्रम घडवणाऱ्यांत हेच पु. ल. होते. मार्चमध्ये मतदान झाले. १९७१ साली ५५ टक्क्यांच्या आसपास असलेले प्रमाण ६० टक्क्यांवर गेले, काँग्रेसला १५४ जागा मिळाल्या आणि स्वतः इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. नागरिकाने आपले मत सर्वांच्या हितासाठी वापरावे, हा त्याचा हक्क आहे तसेच कर्तव्यही आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सांगितले होते. उत्तर भारतातल्या ज्या खेडुतांनी ते बजावले, त्यांनी परिषदेचे नावही ऐकले नसेल. आपल्या मतावाचून काय होते, हे त्यांनी एकोणीस महिने अनुभवले होते.

आता मुंबईकडे यावे. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर दक्षिण मुंबईत मेणबत्त्या घेऊन हजारो लोक रस्त्यावर उतरले. वाहिन्यांनी ते दृश्य दिवसेंदिवस दाखवले. पाच महिन्यांनी, ३० एप्रिल २००९ रोजी लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा त्याच मतदारसंघात सुमारे ४० टक्केच मतदार आले. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि पुढे शनिवार-रविवार होता. २०२४ सालीही तिथला आकडा ५० टक्क्यांच्या आसपासच राहिला. याचा दोष मालिकांवर ढकलणे सोयीचे आहे, पण मतदान दिवसाउजेडी होते आणि मालिका रात्रीच्या. ज्याचे पाणी टँकरने येते, ज्याची मुले खासगी शाळेत जातात, ज्याच्या दारावर पगारी पहारेकरी आहे, त्याला सरकार बदलल्याने आपल्या घरात काही बदलेल असे वाटेनासे झाले आहे. रोमच्या नागरिकाकडून मत काढून घेतले गेले. याने ते स्वतःच निरुपयोगी ठरवले. झोपडपट्टीतल्या माणसाचे तसे नाही. त्याचा नळ, त्याचे शिधापत्रक, त्याच्या छपराची अधिकृतता हे सारे नगरसेवकापासून खासदारापर्यंत कोणाच्या ना कोणाच्या सहीवर अवलंबून असते. म्हणून मतदानाच्या दिवशी तो सकाळीच रांगेत उभा असतो. संच त्याच्याही घरात आहे, आणि रात्रीची मालिका तोही चुकवत नाही.