हायडन: नोकरी राजाची, रचना कोणाची?

आज जरा लांबची गोष्ट सांगते, ऑस्ट्रिया देशातली.

1732 साली रोहराऊ नावाच्या खेड्यात जोसेफ हायडन जन्मला. वडील गाड्यांची चाकं बनवायचे. आई लग्नाआधी सरदाराच्या वाड्यात स्वयंपाकीण होती. वडिलांना संगीताची लिपी येत नव्हती, तरी नुसतं ऐकून ते हार्प वाजवायचे. मुलाचा गळा गोड, म्हणून सहाव्या वर्षीच त्याला शिकायला नातेवाइकाकडे धाडलं. पुढे तो व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चमध्ये गायला लागला. वयात येताना आवाज फुटला, तशी तिथून रवानगी झाली. मग माळ्यावरच्या खोलीत राहून, शिकवण्या करून त्यानं दिवस काढले. त्याच इमारतीतल्या मारियाना मार्टिनेस या मुलीला तो वाद्य शिकवायचा, बदल्यात त्याला जेवण मिळायचं. ती मुलगीही पुढे नावाजलेली संगीतकार झाली.

1761 साली एस्टरहाझी या संस्थानिकाकडे त्याला नोकरी लागली. करारात लिहिलं होतं: गणवेश घालायचा, रोज हुकूम घ्यायला हजर व्हायचं, आणि रचलेलं संगीत मालकाच्या परवानगीशिवाय कुणाला द्यायचं नाही.

कामाला तोटा नव्हता. मालक बॅरिटोन नावाचं वाद्य वाजवायचा, म्हणून त्या वाद्यासाठी सव्वाशेहून जास्त रचना केल्या. नाटकघरासाठी ऑपेरा, कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाला संगीत, चर्चसाठी प्रार्थना. अख्ख्या वाद्यवृंदासाठी शंभरावर सिंफनी आणि चार वादकांसाठी 68 रचना त्यानं आयुष्यभरात केल्या.

1772 साली मालकानं वादकांना घरच्यांपासून लांब फार दिवस अडकवून ठेवलं. हायडननं तक्रार केली ती संगीतातून. नव्या सिंफनीच्या शेवटी एकेक वादक वाजवणं थांबवून उठून जायचा. मालक काय ते समजला आणि सगळ्यांना घरी सोडलं.

इकडे त्याचं संगीत पॅरिसमध्ये छापून विकलं जात होतं, पैसा मात्र छापणाऱ्यांचा. 1779 साली नवा करार झाला आणि त्यातून ती बंदीची अट गेली. आता तो स्वतः प्रकाशकांशी व्यवहार करू लागला. 1791 पासून दोनदा लंडनला जाऊन त्यानं नाव आणि पैसा दोन्ही मिळवले. 1809 साली तो वारला.

अठरा वर्षं हात त्याचे आणि हक्क दुसऱ्याचा, हे एका अटीमुळे. आपणही गटातर्फे पिशव्या, गोधड्या शिवून देतो, पापड-लोणची करून देतो. ऑर्डरच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी तो बैठकीत मोठ्यानं वाचून घ्या. नमुना आपला असेल, तर तो कुणाच्या नावावर विकला जाणार, तेही विचारा.