छोटी स्पोर्टी गाडी, मॅन्युअल गिअर आणि रामटेकचा चढ : टेस्ट ड्राइव्ह नेमकी कशी घ्यायची?

शोरूममधली टेस्ट ड्राइव्ह कशी होते, हे आपल्याला माहीत आहेच. शेजारी सेल्समन बसतो, म्युझिक सिस्टिम चालू करून दाखवतो, "सर, पुढच्या सिग्नलवरून यू-टर्न घ्या" म्हणतो आणि दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही परत शोरूमच्या दारात. नागपूरच्या ट्रॅफिकमध्ये तिसऱ्या गिअरच्या वर जायची वेळच येत नाही. "गाडी मस्त वाटली" एवढंच घेऊन आपण घरी येतो आणि तेवढ्या भरवशावर काही वर्षांच्या हप्त्यांवर सही करतो.

साध्या फॅमिली कारसाठी हे एकवेळ चालून जातं. पण छोट्या स्पोर्टी गाडीत आपण जास्तीचे पैसे मोजतो ते इंजिन, गिअर आणि सस्पेन्शनसाठी. नेमक्या याच तीन गोष्टी सिग्नल ते सिग्नल चालवून कळत नाहीत.

स्पोर्टी म्हणजे काय? फक्त लाल पट्टे नव्हेत

उदाहरण घ्या. टाटाची साधी पेट्रोल अल्ट्रोझ साधारण ८८ पीएस ताकद देते. जून २०२४ मध्ये आलेली अल्ट्रोझ रेसर त्याच १.२ लिटरच्या इंजिनाला टर्बो जोडून १२० पीएस आणि १७० न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि ती आली ती फक्त ६ स्पीड मॅन्युअलमध्ये. ह्युंदाईच्या आय२० एन लाइनलाही २०२३ मध्ये खरा क्लच पेडल असलेला ६ स्पीड मॅन्युअल मिळाला.

टर्बो म्हणजे एक पंखा. सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. आरपीएम कमी असताना धूर कमी, त्यामुळे पंखाही मंद. म्हणून अशा गाड्या साधारण १५००-१८०० आरपीएमच्या खाली सुस्त वाटतात आणि त्यानंतर एकदम जोर धरतात. हा फरक सपाट रस्त्यावर लपून जातो, चढावर मात्र लगेच उघडा पडतो.

आता चला रामटेकला

नागपूरहून रामटेक साधारण ५० किलोमीटर. कामठी, कन्हान करत राष्ट्रीय महामार्ग ४४ ने मनसरपर्यंत जायचं आणि तिथून रामटेककडे वळायचं. एवढ्या अंतरात गाव, महामार्ग, स्पीडब्रेकर आणि शेवटी गडमंदिराचा घाटवळणाचा चढ, असं सगळं मिळतं. रामटेककरांना तर हे घरच्या अंगणातच आहे. शोरूम नागपुरात असलं तरी टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवता येते का, हे आधी फोनवर विचारून घ्या. गिऱ्हाईक खरं वाटलं की बऱ्याचदा "हो" म्हणतात.

महामार्गावर एकच प्रयोग करा. पुढे-मागे रस्ता मोकळा असताना पाचव्या गिअरमध्ये ताशी ५० ते ६० चा वेग ठेवा आणि गिअर न बदलता हळूहळू पाय दाबा. गाडी कुरकुर न करता वेग घेते का? ओव्हरटेक करताना दर वेळी गिअर खाली आणावा लागणार की नाही, ते इथेच कळतं. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे रीलसाठी ठीक आहे. जबलपूरकडे जाणाऱ्या ट्रकला मागे टाकताना कामाला येतो तो हा मधला जोर.

मग गडाचा चढ. पहाटे किंवा दुपारी, गर्दी नसताना जा. रामनवमी, त्रिपुरी पौर्णिमा किंवा सुट्टीचा दिवस चुकूनही निवडू नका. रस्त्यावर पायी चालणारे भाविक असतात, माकडं कधीही आडवी येतात. इथे वेग तपासायचाच नाहीये.

तपासायचं आहे ते क्लच. चढावर बाजूला, मागे कुणी नसताना थांबा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. गाडीचं नाक जरासं उचलल्यासारखं होईल, तोच क्लच पकडायचा बिंदू. मग हँडब्रेक सोडा. तो बिंदू पेडलच्या अगदी वरच्या टोकाला असेल किंवा दर वेळी वेगळ्या जागी वाटत असेल, तर रोजच्या गर्दीत तुमचा डावा पाय वैतागणार. वळणावर तिसऱ्यातून दुसऱ्यात येऊन पाहा. लिव्हर खाच शोधत फिरतो की सरळ आत बसतो?

उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय आपल्याकडे फार आहे, पेट्रोल वाचतं म्हणून. वाचत नाही. आजच्या इंजिनात गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं. वरून सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापले की पकड सुटते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिन किती आवरून धरतं ते पाहा.

जुनी घेत असाल तर

हौशी लोकांच्या यादीतल्या दोन लाडक्या गाड्या आपल्या पुणे जिल्ह्यातल्याच : चाकणची फोक्सवॅगन पोलो आणि रांजणगावची अबार्थ पुंटो. पोलोला २०२० मध्ये १.० टीएसआय इंजिन आलं, ११० पीएसचं, ६ स्पीड मॅन्युअलसह. २०२२ मध्ये पोलो भारतात बंद झाली. अबार्थ पुंटो २०१५ ची, १४५ बीएचपीची. फियाटनेही पुढे इथला गाशा गुंडाळला. त्यामुळे या दोन्ही आता सेकंडहँडच मिळतात.

अशा गाडीत आधीच्या मालकाने इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली असू शकते. सरळ विचारा. क्लच घसरतोय का, हे रामटेकच्याच चढावर बघता येतं : तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर आरपीएमचा काटा झरझर वर गेला पण वेग तेवढा वाढला नाही, तर क्लच प्लेट संपत आली. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड हवं. मालकाने "जरा गरम करून ठेवली" म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन सुरू होताना निघणारा निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. आरसी, विमा आणि पीयूसी बघितल्याशिवाय कुणाचीही गाडी रस्त्यावर काढू नका. स्वतःचं लायसन्स खिशात हवंच. आणि शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हच्या फॉर्मवर सही घेतात, तेव्हा ठोकली तर भरपाई कुणी द्यायची ती ओळ वाचा.

एसीची परीक्षा जानेवारीत होत नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा छोटं इंजिन एसी चालू ठेवून, चार माणसं घेऊन चढ चढतं का, हे दुपारी दोन वाजताच कळेल. त्या चार माणसांत आई-बाबांना मागच्या सीटवर बसवा. स्पोर्टी गाडीचं सस्पेन्शन कडक असतं आणि स्पीडब्रेकरवर त्यांच्या कमरेला काय जाणवलं, ते सेल्समन सांगणार नाही.